चौदा नंबरचा खिसा

गम दोन मिनिटांत चोथा व्हायचा,
कार्ड उरायचं.
सत्तारभाईच्या दुकानात एक रुपयाला एक क्रिकेटर,
पाठीवर मॅच किती, रन किती, झेल किती.
तोंडाला साखर लागलेली असायची त्याच्या,
मी ओल्या फडक्यानं पुसायचो.

पाकिटात कार्ड, चिठ्ठी,
आणि तीन घड्या घालून दुसरं पाकीट.
त्याच्यावर माझाच पत्ता :
मु. येनटोला, पो. आष्टी, ता. चामोर्शी.
तिकीट आधीच लावलेलं, भाताच्या शितानं,
टपालखात्याच्या गोंदावर माझा भरवसा नव्हता.
चिठ्ठीच्या शेवटी, अधोरेखित :
"कृपया बॉलपेननं सही करावी. शाई पसरते."
बारा वर्षांचा होतो मी
आणि भल्याभल्या ओपनरला पेनाबद्दल बजावत होतो.

तिकिटांचे पैसे तेंदूपत्त्याचे.
पहाटे मायसोबत जंगल, सत्तर पानांचा एक पुडा,
शंभर पुड्यांमागे दोन रुपये माझे, बापाला न सांगता.
"कोणाले धाडतं रे एवढी पत्रं?"
मी नावं सांगायचो.
"सोयरे होत का आपले?"

मंगळवारी आणि शुक्रवारी श्रावण मडावींची सायकल.
"पोट्ट्या, तुयाच अक्षरातलं पत्र तुलेच आलं बे,"
म्हणायचे, आणि मी फोडेपर्यंत एक पाय टेकून थांबायचे.
दोन वर्षांत अकरा आल्या.
त्यातल्या तीन रबरी शिक्क्याच्या, थुंकी लावली की जायच्या.
एकानं स्वतःची सही करून
दुसऱ्याच कोणाचं कार्ड धाडलं.

चौदा नंबर : प्रबीर हाजरा, विकेटकीपर.
मॅच शून्य, रन शून्य, झेल शून्य.
एका दौऱ्यावर गेला, पाणी नेलं, परत आला.
शाळेत अदलाबदलीत ते कोणी घेत नसे,
वर गोटी देतो म्हटलं तरी.
मी त्यालाही धाडलं.
सेट पुरा करायचा होता, बाकी काही नाही.

वैनगंगेनं त्या वर्षी नऊ दिवस पूल पाण्याखाली ठेवला.
दहाव्या दिवशी आलेल्या पाकिटात
कार्ड नव्हतं.
वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं, बंगालीत.

वर्गातला निताई मला कॅम्पात त्याच्या बाबांकडे घेऊन गेला.
मासे कापत होते. हात धुतले, लुंगीला पुसले, परत धुतले.
मग वाचलं, थांबत थांबत,
जणू त्यांनाच आलेलं :

"तू तुझ्या भाषेत लिहिलंस, मी माझ्या.
ऑफिसातल्या एका मराठी बाईंनी तुझी चिठ्ठी वाचून दाखवली.
माझं कार्ड निघालं होतं हे मला ठाऊक नव्हतं.
तुझी हरकत नसेल तर ठेवून घेतो.
मुलगी विचारते, बाबा खरंच खेळायचे का.
सही खाली केली आहे. बॉलपेननं."

माझी हरकत होती.
तसं लिहायला दोनदा बसलो.
एकदा तर "श्री. हाजरा, आपण" इथपर्यंत आलो
आणि कळलं, पत्ता त्यांच्या संघटनेचा आहे,
कुठलीही बाई उघडून मोठ्यानं वाचेल.

ते पान आता चौदाव्या खिशात आहे,
चार घड्यांचं, जाड.
त्याच्यापायी अल्बम नीट मिटत नाही.

पाकीट मात्र नाही.
वाचून झाल्यावर निताईच्या बाबांनी ते उजेडात धरलं,
शिक्क्यावरचं गाव लावलं, अक्षर अक्षर,
आणि मला विचारलं, "हे मी ठेवू?"
आत काहीच नव्हतं त्याच्या.
वर माझं नाव, माझा पत्ता,
माझ्या मायच्या भाताचं शीत.

मी म्हटलं, ठेवा.